कॉफी नको म्हणता, मग बशीतला चहा कसा चालतो?

गेल्या मार्गशीर्षात जिंतूरला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी थंडी पडली आणि मांडवाच्या कोपऱ्यात कॉफीचं मशीन सुरू झालं. तुम्हीही पाहिलं असेल ते: स्टीलचं नळकांडं, वाफेचा फुस्स आवाज, कपात वर आलेला फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटी पूड. लेकरं कॉफीपेक्षा त्या आवाजालाच जमतात. माझ्या मावसबहिणीची सात वर्षांची लेक कागदी कप घेऊन रांगेत उभी राहिली, तशी तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या थोरल्या मावशीनं, दंडाला धरून तिला मागं ओढलं. "कॉफी नाही प्यायची लेकरांनी. उष्ण असती ती. रातभर झोप यायची न्हाई तुला." एवढं बोलून मावशी खुर्चीत बसली, आपल्या कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि मांडीवरच्या दीड वर्षाच्या नातवाच्या तोंडाला ती बशी लावली.

कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मीही गप्प बसलो. लग्नघरात मावशीला शिकवायला जाणारा मी कोण?

परतीच्या गाडीत पोरगी रुसून बसली होती. बोरीच्या पुढं आल्यावर म्हणाली, "मामा, कॉफीत असं काय असतं जे चहात नसतं?"

या प्रश्नाचं उत्तर १८३८ सालीच मिळालेलं आहे. त्याच्या वीसेक वर्षं आधी जर्मनीत फ्रीडलिब रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कवी ग्योटेनं कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते बघ म्हणून सांगितलं. रुंगेनं त्यातून पांढरं, कडू द्रव्य वेगळं काढलं. तेच कॅफिन. पुढं १८२७ मध्ये चहाच्या पानांतूनही असंच एक द्रव्य निघालं. ते वेगळं आहे असं समजून त्याला 'थेइन' हे नावही ठेवलं गेलं. अकरा वर्षांनी लक्षात आलं की दोन्ही एकच आहेत. कॉफीच्या झाडानं आणि चहाच्या झुडपानं किड्यांना दूर ठेवायला हे द्रव्य तयार केलं, आणि माणसानं त्यालाच आपलंसं केलं. म्हणजे मावशीनं नातीच्या हातातून जे काढून घेतलं, तेच नातवाला बशीतून पाजलं. फरक होता तो मापाचा.

पण माप बघण्याआधी हे कॅफिन डोक्यात जाऊन नेमकं करतं काय, ते बघू.

एसटीत जागा धरायची आपली पद्धत आठवा. गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक खिडकीतून टॉवेल टाकतात. टॉवेलला कुठं जायचं नसतं, त्याचं तिकीटही नसतं, पण जागा अडते आणि खरा प्रवासी उभा राहतो. मेंदूत अगदी हेच होतं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. अडिनोसिन तिथं बसत गेलं की पेशींचं काम मंदावतं, डोळे जड होतात, झोप येते. कॅफिनची घडण अडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच जागांवर जाऊन पडतं. झोप आणायचं काम ते करत नाही, फक्त जागा अडवतं. आपल्याला वाटतं, तरतरी आली.

तोवर खरे प्रवासी कुठं जातात? कुठंच नाही, ते दाटीवाटीनं उभेच असतात आणि त्यांची गर्दी वाढतच असते. काही तासांनी यकृत एकेक करून टॉवेल उचलतं आणि सगळे एकदम बसायला धावतात. कॉफीचा जोर उतरला की जी मरगळ येते ती ही. थकवा गेलेला नसतो, तो फक्त कळत नव्हता. त्यात एक गंमत आणखी आहे. रोजच टॉवेल पडायला लागले की मेंदू जादा बाकं बसवून घेतो. मग कालच्या एवढ्या कॉफीनं आज काम भागत नाही. आणि एखाद्या दिवशी कॉफी मिळालीच नाही, की रिकाम्या बाकांवर अडिनोसिन पसरून बसतं आणि डोकं ठणकायला लागतं. "सकाळचा चहा नाही झाला की माझं डोकं उठतं" असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात. अलीकडं त्यांत सहावी-सातवीतली लेकरंही भेटतात.

मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक तीन ते सात तास धरा. संध्याकाळी सहाला ८० मिलिग्रॅम पोटात गेलं, तर अकराला ४० शिल्लक असतं आणि पहाटे चारला २०. शाळेत जाणाऱ्या मुलांचं यकृतही जवळपास याच वेगानं काम करतं. त्यामुळं "लेकरांना कॉफी पचत नाही" हे म्हणणं तसं बरोबर नाही. पचते. मुद्दा वजनाचा आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सगळे पुरावे तपासून एक आकडा दिला: मुलांना आणि किशोरांना दिवसभरात दर किलो वजनामागं ३ मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत काळजीचं कारण दिसत नाही. निरोगी मोठ्या माणसासाठी हीच मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं वयानुसार आकडे दिलेत आणि ते जरा कडक आहेत: चार ते सहा वर्षांना ४५ मिलिग्रॅम, सात ते नऊला ६२.५, दहा ते बाराला ८५. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर मुलांना कॅफिन नकोच या मताची आहे. हे आकडे म्हणजे छत आहे. एवढं प्यायलाच पाहिजे असा त्यांचा अर्थ कुणी घेऊ नये.

आता आपल्या कपात किती असतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हे दिलंय. १५० मिलिलिटरच्या कपात फिल्टर कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम, पुडीतली इन्स्टंट कॉफी असेल तर ५० ते ६५, आणि चहा असेल तर ३० ते ६५. पुन्हा बघा. कडक चहाचा कप आणि इन्स्टंट कॉफीचा कप जवळजवळ एका रेषेत येतात. सात वर्षांच्या, २० किलोच्या मुलीचं छत ६० मिलिग्रॅम. म्हणजे लग्नातला एक भरलेला कप तिचा दिवसाचा कोटा संपवू शकला असता. त्यावर घरी आल्यावर एखादा कप चहा झाला असता, तर छताच्या वर.

आणि बशी? छोटी बशी ५० मिलिलिटरची धरा. म्हणजे तिच्यात १० ते २० मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण पिणारा १० किलोचा आहे. १५ मिलिग्रॅम त्याच्यासाठी म्हणजे ६० किलोच्या मावशीसाठी ९० मिलिग्रॅम, तिचे जवळपास दोन कप. सकाळी एक बशी, दुपारी पाहुणे आले की एक, संध्याकाळी आजोबांबरोबर एक. मग रात्री अकरापर्यंत ते लेकरू घरभर नाचतं आणि मावशी म्हणते, "कुणाची नजर लागली कुणास ठाऊक."

आपल्याकडं कॉफीबद्दलची ही भीती आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मराठवाड्यात कॉफी हे कधी रोजचं पेय नव्हतंच. बाबाबुदन यांनी येमेनहून बिया आणल्याची कथा चिकमगळूरच्या डोंगरातली, आणि कॉफी पिकते ती मुख्यतः कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत. आपल्या घरात ती आली ती पाहुणचाराची किंवा आजारपणाची म्हणून. दुधात दोन चिमूट पूड, भरपूर साखर, वरून वेलदोडा आणि किसलेलं जायफळ. कपभर दुधात अर्धा ग्रॅम पूड गेली तर फार झालं. त्यातही पुडीतल्या बऱ्याच कॉफीत चिकोरीच्या मुळांची भाजलेली पूड मिसळलेली असते, आणि चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते, वाचून बघा. म्हणजे आजीच्या त्या जायफळाच्या कॉफीत दहा-बारा मिलिग्रॅमच्या वर काही नसायचं. मावशी ज्या कॉफीला भीत होती, ती बहुतेक घरातली सगळ्यात निरुपद्रवी कॉफी होती. चहाला मात्र कुणी भीत नाही. तो रोजचा. रोजच्या गोष्टीकडं कोण संशयानं बघतं?

खरं सांगायचं तर झोपेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते, आणि तिच्यात कॅफिनचा हात नाही. चहा पिताना जिभेला जो तुरटपणा लागतो, जीभ जराशी खरखरीत होते, तो टॅनिनचा गुण. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं म्हणून तसं वाटतं. पोटात गेल्यावर ते लोहालाही असंच पकडतं. आपल्या जेवणातलं लोह बहुतांशी भाजीपाला, डाळ, धान्य यांतून येतं आणि ते मुळातच अंगी लागायला अवघड. ज्वारीच्या भाकरीत लोह आहे, पण त्याच ज्वारीत फायटेट आहे आणि तेही लोहाला धरून ठेवतं. त्यावर चहा ओतला की उरलंसुरलं लोह टॅनिन बांधून बाहेर घेऊन जातं. जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटल्याचं प्रयोगांत दिसलंय. कॉफीही शोषण घटवते, पण चहापेक्षा कमी. पोषण संस्थेचा सल्ला आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी नको.

आता आपल्या लेकरांचा नाष्टा आठवा. चहा-चपाती. चहा-भाकरी. चहा-बटर, चहा-खारी, चहा-टोस्ट. कपात कुस्करून, चमच्यानं. माझंही लहानपण यावरच गेलं आणि त्या चवीची आठवण आली की अजून तोंडाला पाणी सुटतं, हे कबूल करतो. पण लोहाच्या दृष्टीनं याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दर तीन लेकरांमागं दोन. याला चहा एकटा जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. आईच्याच अंगात रक्त कमी असतं, पोटात जंत असतात, सहा महिन्यांनंतरचं वरचं खाणं उशिरा सुरू होतं, ताटात भाजी कमी असते. पण ज्या घरात लोह मोजून-मापून येतं, तिथं ते बशीतून वाहून जाऊ देणं परवडत नाही.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. लहान वर्गांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती शाळेतच, जेवणानंतर घ्यायची असते. काही पोरं ती दप्तरात घालून घरी आणतात आणि आई चहासोबत देते, कारण पाण्यासोबत ती कडू लागते. अशानं गोळी पोटात जाते, पण कामाला येत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत दिली तर उलट फायदा होतो. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेलं ठेवतं आणि शोषण वाढवतं. लिंबू, पेरू, आवळा, ताटातला कच्चा टोमॅटो यांचा उपयोग चवीपुरता नसतो तो असा.

ऊसतोडीच्या फडावर हेच चित्र जास्त ठसठशीत दिसतं. दिवाळीच्या पुढंमागं बीडकडून बिऱ्हाडं निघतात, कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. पहाटे चारला कोयता हातात घ्यायच्या आधी चुलीवर कोरा चहा होतो. दूध नसतं, साखर सढळ असते. लेकराच्या हातात रात्रीची भाकरी आणि ग्लासात चहा देऊन आई फडात जाते. गरम गोड चहानं भूक मरते, लेकरू रडत नाही, आणि बारा वाजेपर्यंत दुसरं काही मिळणार नसतं. त्या बाईला "मुलांना चहा देऊ नका, दूध द्या" असं सांगणाऱ्यानं आधी दूध आणून द्यावं. तिला पटण्यासारखं, जमण्यासारखं एवढंच सांगता येतं की भाकरी चहात बुडवण्यापेक्षा रात्रीच्या वरणात किंवा शेंगदाण्याच्या चटणीसोबत दे, नाहीतर गूळ-शेंगदाणे हातावर ठेव. चहा द्यायचाच झाला तर तासाभरानं.

मधेच दोन गैरसमज निपटून टाकतो. चहा-कॉफी प्यायल्यानं लेकरू काळं पडतं, हे घरोघरी ऐकायला मिळतं. कातडीचा रंग मेलॅनिनवर आणि आईबापाच्या वारशावर ठरतो, किटलीवर नाही. दुसरा गैरसमज उंची खुंटण्याचा. त्याला खतपाणी घालणाऱ्यांत सी. डब्ल्यू. पोस्ट हा अमेरिकी उद्योजक होता. १८९५ मध्ये त्यानं गव्हाच्या कोंड्यापासून केलेलं 'पोस्टम' हे पेय बाजारात आणलं आणि ते खपावं म्हणून कॉफीमुळं काय काय बिघडतं याच्या जाहिरातींचा धडाका लावला. कॉफीनं उंची खुंटल्याचा पुरावा सापडलेला नाही. कॅफिनमुळं लघवीवाटे थोडं कॅल्शियम जातं, पण ते इतकं कमी की कपातल्या दोन चमचे दुधानं भरून निघतं. दुधाच्या जागी कोरा चहा आला, तर मात्र लेकराचं दूधच जातं आणि नुकसान तिथं होतं.

या सगळ्यावर एक गोष्ट सांगितली की लोक चमकतात. कॅफिन हे दवाखान्यात लहान बाळांना औषध म्हणून दिलं जातं, आणि तेही सगळ्यात लहान बाळांना. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं, किलोभर वजनाचं बाळ काचेच्या पेटीत असतं, तेव्हा त्याच्या मेंदूला श्वास घ्यायची सवय पुरती लागलेली नसते. मधेच ते श्वास घ्यायचंच विसरतं. अशा बाळांना कॅफिन सायट्रेट देतात, म्हणजे श्वासाचं केंद्र जागं राहतं. २००६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे २००० बाळांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि त्यातून या औषधावरचा विश्वास पक्का झाला. पण तिथं प्रत्येक थेंब वजन करून दिलेला असतो, छातीला तारा लावलेल्या असतात आणि नर्स डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. नवजात बाळाचं यकृत इतकं कच्चं असतं की निम्मं कॅफिन जायला त्याला पाच तासांऐवजी तीन-चार दिवस लागतात. हा वेग पुढच्या काही महिन्यांत हळूहळू सुधारतो. म्हणून "बाळाला सर्दी झाली, चाटव जरा काळा चहा" हा उपाय तान्ह्या बाळावर करू नये. कालचा चहा उतरायच्या आत आजचा चढतो. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नसतं, तिथं चहाचा विषयच नको. बाळंतिणीनं मात्र दिवसाला एक-दोन कप चहा घ्यायला हरकत नसते. दुधातून उतरतं ते फार थोडं.

आता लातूर.

माझ्या चुलतभावाचा मुलगा दोन वर्षं तिथं नीटच्या तयारीला होता. सकाळी सहाला क्लास, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. लातूर पॅटर्ननं शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटीच्या वाहकांची पोरं डॉक्टर केली, त्याबद्दल वाद नाही. पण अभ्यासिकेबाहेरच्या टपऱ्या रात्री अकराला कशा उजळतात, ते एकदा जाऊन बघा. पोरं तिथं कॉफी पितात आणि कॉफीनं भागलं नाही की वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली घेतात. हा पठ्ठ्या संध्याकाळी एक बाटली, अकराला कॉफी आणि एकला दुसरी बाटली, असा चालला होता. एका रात्री त्याची छाती धडधडायला लागली, हाताला कंप सुटला. मित्रांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी एवढंच विचारलं, "दिवसभरात काय काय पितोस?"

हिशोब करून बघू. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. वरची मर्यादा धरली तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅम. दोन बाटल्यांचे १५०, कॉफीचे ६०, मिळून २१०. पोराचं वजन ५० किलो, म्हणजे छत १५०. बरं, हे गरम नसतं. कॉफी घोट-घोट प्यावी लागते, ही गार बाटली पोरं दोन मिनिटांत संपवतात. त्याच बाटलीवर 'लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांनी घेऊ नये' आणि 'दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको' अशा अर्थाचा इशारा छापणं बंधनकारक आहे. छापलेला असतोही, पण इतक्या बारीक अक्षरात की वाचायला भिंग लागेल. समोरच्या बाजूला वीज चमकत असते.

जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं की शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणू. दक्षिण कोरियानं २०१८ मध्ये शाळांच्या आवारात कॉफी विकायलाच मनाई केली आणि ती मुलांपुरती न ठेवता शिक्षकांच्या मशीनपर्यंत नेली. लिथुआनियानं २०१४ पासून अठरा वर्षांखालच्यांना एनर्जी ड्रिंक विकणं बंद केलं. आपल्याकडं शाळेपासून ५०० मीटरच्या बाहेर अभ्यासिका असते आणि तिच्या दारात टपरी. त्यामुळं या घोषणेकडून मी फार अपेक्षा ठेवली नाही.

पोरांना मी एकच गोष्ट समजावतो, कारण तब्येतीपेक्षा गुणांची भाषा त्यांना लवकर कळते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. जागेपणी मेंदू सगळं कच्च्या वहीत लिहितो आणि झोपेत ते पक्क्या वहीत उतरवून घेतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे अभ्यासक सांगतात. रात्री एकला बाटली पिऊन तीनला झोपलेला आणि साडेपाचला उठलेला मुलगा सेंद्रिय रसायनाची तीन प्रकरणं वाचतो आणि त्यातलं निम्मं कच्च्या वहीतच ठेवतो. शिवाय नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. ज्याला दर तीन-चार तासांनी कॅफिनची सवय लागलीय, त्याचं डोकं ऐन पेपरात ठणकायला लागलं तर दोष कुणाला द्यायचा? ही डोकेदुखी सवय तुटल्यावर बारा ते चोवीस तासांत सुरू होते आणि काही दिवस राहते. सोडायचं असेल तर परीक्षेच्या महिनाभर आधी, आणि एकदम नको. पहिल्या आठवड्यात रात्रीचा कप बंद, मग उरलेल्यात पूड कमी, मग बाटली.

बाटली शेवटी का, असं कुणी विचारेल. माझ्या मतानं ती पहिल्या दिवशीच बंद व्हावी, पण पोरं ऐकत नाहीत म्हणून क्रम असा ठेवलाय. तुमचं पोरगं ऐकत असेल तर उलटा करा.

घरच्यांनी मला नंतर थेटच विचारलं: मग द्यायची की नाही? मी सांगितलं ते असं. दोन वर्षांच्या आत थेंबही नको, ना चहा ना कॉफी. पाच वर्षांपर्यंत नकोच. तिथून बाराव्या वर्षापर्यंत रोजची सवय लावू नका. लग्नात, सणाला, थंडीत कपभर दुधात चिमूटभर पूड घातली तर काही बिघडत नाही, फक्त ती दुपारी चारच्या आत. पुढं मोठी झाली की एक कप, जेवणापासून तासभर लांब आणि रात्री नाही. एनर्जी ड्रिंक अठराच्या आत कधीच नाही. मूल अंगानं किरकोळ असेल, रक्त कमी असेल, छाती धडधडत असेल किंवा झोपेची तक्रार असेल तर याहून कडक राहा आणि डॉक्टरांना विचारा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत आणि कोलामध्येही कॅफिन असतं, तेही हिशोबात धरा. यातलं दोन वर्षांखालचं आणि एनर्जी ड्रिंकचं सोडलं, तर बाकीच्या वयाच्या रेषा मी ओढलेल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी जरा इकडं-तिकडं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

मावशीला हे सगळं सांगायचं धाडस शेवटी मी केलंच, पण आकड्यांनी नाही. संक्रांतीला गेलो तेव्हा नातवाला अंगणवाडीत तपासलं होतं आणि ताईंनी रक्त कमी आहे म्हणून सिरप दिलं होतं. मावशी ते सिरप सकाळच्या चहानंतर लगेच देत होती. मी फक्त म्हटलं, "मावशे, चहानं त्या औषधाचा गुण जातो." मावशी तडकली. "तुला आम्ही काय पाजलं व्हतं? मेलास का तू?" मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. दुपारी सगळ्यांचा चहा झाला, तसा नातू सवयीनं तिच्या मांडीवर येऊन बसला आणि बशीकडं बोट करायला लागला. तिनं आत जाऊन कोमट दूध आणलं, त्यात वेलदोड्याची पूड टाकली, बशीत ओतलं आणि फुंकर मारली. त्यानं दोन्ही हातांनी बशी धरली, फुर्र आवाज करत संपवली आणि पुन्हा पुढं केली.

"बघ," मावशी मला म्हणाली, "ह्याला चहाचं काही पडलंच नव्हतं."

शेजारी बसलेली नात लगेच म्हणाली, "मग मला मशीनची कॉफी?"